बीग आल्याशिवाय

सिद्धप्पांनी परसातली जागा तिसऱ्यांदा मोजली आणि ती तिसऱ्यांदा निराळी भरली. परवा सात फूट दोन इंच, काल सात फूट चार, आज साडेसहा. साडेसहाचं कारण थोड्या वेळानं सापडलं. टेपचं टोक पाण्याच्या ड्रमला अडकलं होतं. ते तिथंच कढीपत्त्याच्या झाडाखाली उपड्या बादलीवर बसले. बाहत्तराव्या वर्षी माणसाला सात फूट धड मोजता येऊ नयेत, तर त्यानं आयुष्यभर केलं तरी काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. उत्तर ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो पुढं रेटला नाही.

आयुष्यभर त्यांनी प्रुफं तपासली होती. साखर पेठेतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थांची पत्रकं, एखाद्या हौशी कवीचं पुस्तक. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल शाई चालवायची, बोलण्यातल्या अनुस्वारांच्या जागी लिहिण्यातल्या मात्रा द्यायच्या. चुकून एखादा बरोबर शब्दच खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देऊन समासात 'राहू द्या' असं लिहायचं. तसं लिहायची वेळ फार क्वचित आली होती. जे दिसेल ते दुरुस्त करायचं, हेच हाताचं वळण.

"सात लिहा की कागदावर," स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची बायको निंगव्वा म्हणाली. "दोन इंचानं काय सायकलीचं चाक बाहेर राहणार हाय?"

"राहिलं तर?"

"तर तुमी त्यावर बसून वाचा."

तिनं ते सहज म्हटलं होतं, पण सिद्धप्पांना ते लागलं. सगळी आपदा वाचण्यातूनच उभी राहिली होती.

पूनम ही त्यांच्या लेकीची, सिद्धेश्वरीची मुलगी. सिद्धेश्वरीचं सासर अक्कलकोट तालुक्यात. गावात दहावीच्या पुढं वर्ग नाही, आणि नातीला रोज एस्टीनं तालुक्याला धाडायला तिचे आजोबा, म्हणजे सिद्धप्पांचे व्याही प्रभुअप्पा, कबूल नव्हते. मिनतवाऱ्या करून पूनम अकरावी सायन्सला सोलापुरात, आजोळी राहायला आली. निघताना प्रभुअप्पांनी तिला निळी कोरी सायकल घेऊन दिली होती. घरापासून कॉलेज चार किलोमीटर.

श्रावणातल्या एका दुपारी पूनम घामाघूम होऊन आली, सायकल फाटकाच्या आत उभी केली आणि "आजोबा, बीग लावाल?" म्हणून आत पळाली. सिद्धप्पांच्या घरी कुलपाला बीगच म्हणतात. आईकडून आलेली कानडी घरात एवढीच उरली होती, दहा-वीस शब्दांची. बाकी सगळं मराठी. "लावतो," असं म्हणून त्यांनी किल्ली हातात घेतली. पण मांडीवर पुस्तक होतं, आणि परिच्छेद संपायला चारच ओळी उरल्या होत्या. चार ओळींच्या पुढं किती ओळी वाचल्या ते त्यांना आठवत नाही. मान वर केली तेव्हा फाटक उघडं होतं आणि सायकल नव्हती. चोर त्यांच्या डोळ्यांसमोरून सायकल घेऊन गेला होता. किल्ली मात्र मुठीत शाबूत होती.

फोनवर प्रभुअप्पांनी फार आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुमी व्हता तितं?"

"होतो."

"जागं व्हता?"

"वाचत होतो."

"मग झोपला असतासा तर बरं व्हतं की. झोपल्याल्या माणसाला दोष न्हाय." मग थोडं थांबून, "सायकल राखता येईना, पोरगी काय राखणार तुमी? दिवाळीच्या सुट्टीला येतो. घिऊन जातो तिला."

तेव्हापासून सिद्धप्पा थकलेलेच होते. सकाळी उठायचे तेच थकून. कारण त्यांना आतून वाटायचं की प्रभुअप्पा बरोबर बोलले. जो माणूस किल्ली मुठीत धरून सायकल घालवतो, त्याच्या भरवशावर कुणी आपली नात का ठेवावी?

तोड काढली ती बसवराजनं. बसवराज सिद्धप्पांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अक्कलकोटला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि सिद्धेश्वरीची सोयरीक त्यानंच जमवलेली. "मामा, तुमी सायकलींना एक कुलूपबंद जागा करा. पत्र्याचं शेड बसवा परसात. नजरेला दिसंल असं कायतरी पाहिजे. मग मी बोलतो त्यांच्यासंगं."

म्हणून हे शेड. सायकली आता दोन होत्या: सिद्धप्पांची छापखान्याच्या काळातली काळी, आणि पूनमसाठी घेतलेली जुनी लाल. दोन्ही रोज संध्याकाळी तीन पायऱ्या चढवून पुढच्या खोलीत दिवाणाला टेकवायच्या. निंगव्वा त्यांच्या पायडलांना दोनदा धडकली होती आणि दोन्ही वेळा सायकलींना काही बोलली नव्हती, नवऱ्याकडं नुसतं बघितलं होतं.

दिवाळीला बारा दिवस उरले होते.

पूनमनं मोबाईलवर एक तयार प्लॅस्टिकचं शेड दाखवलं. खाली मराठीत माहिती होती. सिद्धप्पांनी चष्मा लावून वाचली: 'उद्यान शेड. दुचाकी साठवणूकसाठी. हवामान पुरावा.'

"हवामान पुरावा म्हणजे काय गं?"

"पाऊस लागत नाही असं असेल."

"मग तसं का लिहीत नाहीत? आणि 'साठवणूकसाठी' नव्हे, 'साठवणुकीसाठी'. ज्याला साधं सामान्यरूप येत नाही त्याचं शेड काय टिकणार?"

"आजोबा, सायकली ठेवायच्यात त्यात, निबंध नाही लिहायचा."

ते हसले, पण शेड काही मागवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आणि निंगव्वा रिक्षानं होटगी रस्त्याला अभिमन्यूच्या कारखान्यात गेले. अभिमन्यू मूळचा मोडनिंबचा. पत्र्याची, लोखंडाची कामं करायचा. त्यानं आधी एक जुनी पानटपरी दाखवली. हिरवा रंग, पुढं फळी, खाली चार चाकं.

"ही घ्या आजोबा. लई दणकट हाय. चाकं हायती, वाटलं तिकडं ढकलायची."

"चोरालाही ढकलता येईल," सिद्धप्पा हळूच म्हणाले.

"त्ये बी हाय म्हणा."

निंगव्वानं आत डोकावून वास घेतला. कात, चुना, तंबाखू. "ह्ये दारात आणून बसवलं तर सकाळी कुणीतरी फळीवर हात आपटून मावा मागंल. आणि ह्ये वाचत बसलेले असतील, देऊन बी टाकतील."

अभिमन्यू खो खो हसला. मग त्यानं नवं बनवून देतो म्हटलं: कसला पत्रा, किती जाड, अँगल कसला, दार सरकतं की बिजागऱ्यांचं, छप्पर एका बाजूला उतरतं की दोन. प्रत्येक प्रश्नाला सिद्धप्पांकडं दोन-दोन उत्तरं होती आणि दोन्ही पटत होती. शेवटी त्यांची नजर कोपऱ्यातल्या करड्या शेडवर गेली. सात बाय चार, एक दार, खिडकी नाही. कुणीतरी ऑर्डर देऊन नेलंच नव्हतं.

"हे चालेल," ते म्हणाले.

"आतनं बघा तरी की."

"नको. चालेल."

ते चांगलं होतं म्हणून त्यांनी निवडलं असं नाही. आणखी एकही प्रश्न ऐकायची ताकद उरली नव्हती.

शेड टेंपोतून आलं. ड्रम पुढच्या अंगणात गेले, शहाबादी फरशीवर शेड बसलं, दोन्ही सायकली आत गेल्या. जागा सात फूट तीन इंच निघाली. पूनमनं दार चारदा उघडून लावून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण नजर दारापेक्षा घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं जास्त वळत होती.

"आता बीग तेवढं राहिलं," ती म्हणाली.

बीग आणायला सिद्धप्पा एकटेच बाजारात गेले. दुकानदारानं काउंटरवर नऊ कुलपं मांडली: लांब कडीचं, गोल, सात लिव्हरचं, आकड्यांचं. "कुठं लावायचंय बाबा?" त्यानं विचारलं. सायकलींना म्हणावं, शेडला म्हणावं, की नातीच्या शिक्षणाला, हे त्यांना ठरवता येईना. "येतो उद्या," असं म्हणून ते रिकाम्या हातानं परतले.

घरी येऊन त्यांनी बसवराजला निरोप लिहायला घेतला. फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, लिहिणं बरं. आधी कागदावर कच्चं लिहिलं, दुरुस्त केलं, मग एक-एक अक्षर मोबाईलवर उतरवलं:

'चि. बसवराज यास अनेक आशीर्वाद. शेड आले. आता बीग तेवढे यायला हवे. बीग आल्याशिवाय काही खरे नाही. उद्याच आले तर फार बरे. – सिद्धप्पा.'

पुन्हा एकदा वाचलं. कुठं चूक नव्हती. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आलेला, त्यामुळं सिद्धप्पा धोतर खोचून ड्रममध्ये पाइप धरून उभे होते. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"हाय का कोन घरात? प्रमुअप्पा आल्याती म्हणून सांगा."

पाइप सिद्धप्पांच्या हातून ड्रममध्ये सुटला. असं बोलणारा माणूस जगात एकच होता. अठरा वर्षांपूर्वी सिद्धेश्वरीच्या लग्नाची पत्रिका सिद्धप्पांच्याच छापखान्यात छापली होती, प्रुफं त्यांनी स्वतः तीनदा तपासली होती, आणि पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर कळलं की वराच्या वडिलांच्या नावात 'भ'च्या जागी 'म' पडलाय. तेव्हापासून प्रभुअप्पा या दारात पाऊल ठेवताना स्वतःचं नाव तसंच सांगायचे. तशी वेळही फारशी यायची नाही. बारसं, जावळ, एक मयत. अठरा वर्षांत तेवढंच.

दिवाळीला अजून आठ दिवस होते. आणि हे आजच आले. म्हणजे सुट्टीचीही वाट बघायची नाही असं ठरवून आले.

निंगव्वा पदर सावरत बाहेर आली. "अय्या, बीगर आले की! बर्री, बर्री." व्याह्यांना त्यांच्यात बीगर म्हणतात, 'या'ला बर्री. तिनं पायावर पाणी दिलं, सतरंजी टाकली. प्रभुअप्पा गुडघ्यावर हात ठेवून, एकेक सांधा मोजत, खाली बसले. पिशवीतून कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगाच्या चटणीची बरणी काढून पुढं ठेवली.

"पूनम क्लासला गेलीय," सिद्धप्पा म्हणाले. "तिची पुस्तकं... भरायला वेळ लागेल थोडा."

"पुस्तकं कशापायी भरता?"

"तुम्ही न्यायला आलात ना?"

प्रभुअप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बोलावलं, म्हणून आलो."

"कुणी?"

"ह्ये बघा आता. पाव्हणं, तुमीच की." त्यांनी बंडीच्या खिशातून मोबाईल काढला. "बसवराजनं काल धाडलंय. मला बारीक अक्षर दिसत न्हाय. नातवाकडनं तीनदा वाचून घेतलं. आता तुमी वाचा. तुमचं कामच त्ये."

सिद्धप्पांनी चष्मा पुसला आणि वाचलं:

'मामांचा निरोप आलाय. शेड आले. आता बीगर तेवढे यायला हवे. बीगर आल्याशिवाय काही खरे नाही. उद्याच आले तर फार बरे.'

वाक्यं त्यांचीच होती. 'र' तेवढे त्यांचे नव्हते. दोन 'र', दोन ठिकाणी. मामांचा टायपायचा राहिला असेल असं समजून बसवराजनं भरले होते. आणि बसवराजला तरी दोष कसा द्यायचा? तोंडानं बोलले असते तर 'आलं', 'हवं', 'बरं' म्हणाले असते, आणि कुलपाला कुलूपच समजलं गेलं असतं. पण लिहायला बसले की एकतीस वर्षांची सवय. 'आले', 'हवे'. बीग आले, बीगर आले. त्यांच्या शुद्ध मात्रांनी कुलपाला आदरार्थी बहुवचन दिलं होतं.

हा घोटाळा आहे, असं आत्ताच सांगितलं पाहिजे. पुढं कळलं तर आणखी वाईट.

"अठरा वर्सं झाली सोयरीक हुन," प्रभुअप्पा नळाकडं बघत बोलत होते. ड्रम भरून वाहत होता, कुणी उठलं नाही. "या म्हणून तुमी कवा म्हणला न्हाईसा. पत्रिका आल्या तुमच्या. त्या बी चुकीच्या. मला वाटायचं, शिकल्याला माणूस, त्याला आमच्यासंगं काय बोलायचं? काल ह्ये आलं. बीगर आल्याशिवाय काय खरं न्हाय. म्हातारी म्हणली, दिवाळी झाल्यावर जावा. म्हणलं न्हाय. उद्याच लिवलंय त्यांनी."

निंगव्वानं मोबाईल हातात घेऊन वाचला होता. तिचे डोळे मोठे झाले. "अहो, पण ह्यांनी तर बी..."

"चहा टाक," सिद्धप्पा म्हणाले.

चाळीस वर्षांत ते तिला असे बोलले नव्हते. ती त्यांच्याकडं बघत राहिली, मग आत गेली. सिद्धप्पांनी जाऊन नळ बंद केला.

चहा झाल्यावर प्रभुअप्पा उठले. "दाखवा तुमचं श्याड."

त्यांनी शेडभोवती एक चक्कर मारली. जिन्याखालची पहार मागून घेतली, तिचं टोक एका कोपऱ्याखाली सरकवलं आणि दाबलं. शेड वीतभर उचललं गेलं; आतल्या काळ्या सायकलीची घंटा किणकिणली.

"दोघं आले तर सायकलीसकट टेंपूत. डब्यासारकं."

सिद्धप्पांनी पहार परत घेतली.

"पेचकस हाय का?"

पेचकस आला. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला होते. प्रभुअप्पांनी एकेक करत सहा स्क्रू काढले, आणि दार अलगद त्यांच्या हातात आलं. ते दार भिंतीला टेकवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"आणि ह्याला बीग लावून काय करणार व्हता तुमी? दार तर..."

ते बोलता बोलता थांबले. हातातला पेचकस तसाच राहिला. त्यांनी काढलेल्या दाराकडं बघितलं, त्याच्यावरच्या रिकाम्या कडीकडं बघितलं, मग सिद्धप्पांकडं. हात नकळत बंडीच्या खिशाकडं, मोबाईलकडं गेला. कपाळावर एक आठी आली.

सिद्धप्पांनी मान खाली घातली. आता कळलं, ते मनात म्हणाले. आता गेलं सगळं. पोरगीही गेली.

"...दार तर हातात येतंय," प्रभुअप्पांनी वाक्य पुरं केलं, आणि ते हळूहळू उपड्या बादलीवर बसले.

शेवग्यावर एक साळुंकी येऊन गेली.

"पाव्हणं," प्रभुअप्पा म्हणाले, आवाज खाली आला होता, "आमच्या हिरीवरची मोटार दोनदा गेली. पैल्यांदा म्या घरी व्हतो. दुसऱ्यांदा तिच्या उशाला बाज टाकून झोपलो व्हतो. काठी हातात. सकाळी उठलो तर काठी हातात, मोटार न्हाय."

सिद्धप्पांनी मान वर केली.

"घरात सांगितलं, जळाली म्हणून. अजून कुणाला ठावं न्हाय." त्यांनी पायाजवळचा एक स्क्रू उचलून तळहातावर घोळवला. "तुमी सांगितलं तरी खरं, वाचत व्हतो म्हणून. मला काय ऱ्हाग आला असंल तर त्याचाच."

तेवढ्यात फाटक वाजलं. पूनम लाल सायकल हातात धरून आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. तिनं दोन्ही आजोबांना बघितलं, निखळलेलं दार बघितलं.

"न्यायला आलात, आबा?"

"कोन म्हणलं?"

"मग?"

"बोलावणं आलंय म्हणून आलोय," प्रभुअप्पा म्हणाले आणि सिद्धप्पांकडं न बघता पुढं म्हणाले, "ह्यांनी लिवलं, बीगर आल्याशिवाय काय खरं न्हाय. बरुबरच हाय. ह्ये असलं श्याड बीगराशिवाय हुतंय व्हय? जा, आधी ती सायकल आत ठेव. न्हाय, आत नगं. आत आता आत ऱ्हायलं न्हाय. घरात ठेव. आणि येताना एक सिमेटाचं पोतं सांगून ये कोपऱ्यावर."

पूनम सायकल तशीच वळवून पळत निघाली.

प्रभुअप्पा दोन दिवस राहिले. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून काम केलं, म्हणजे प्रभुअप्पांनी केलं आणि सिद्धप्पांनी हातात वस्तू दिल्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या. चार कोपऱ्यांच्या फरश्या उचकटून खड्डे केले, शेडच्या पायांना बोल्ट घालून सिमेंटात पुरले. मधोमध जमिनीत एक जाड लोखंडी कडं बसवलं, दोन्ही सायकलींची साखळी त्यातून ओवायला. दुसऱ्या दिवशी अभिमन्यू वेल्डिंगचं सामान घेऊन आला, तेव्हा प्रभुअप्पांनी त्याला बाहेरच्या बिजागऱ्या दाखवल्या.

"कुठला रं तू?"

"मोडनिंबचा, आबा."

"मोडनिंबला दारं बाहीरनं खोलत्यात व्हय?"

"न्हाय की," अभिमन्यू ओशाळून म्हणाला. "ह्या आजोबांनी आतनं बघितलंच न्हाय. म्या म्हणलं बघा म्हणून."

"त्येंनी बघायचं न्हाय, तू करायचं. मार टाका."

त्यानं बिजागऱ्या आतून बसवून टाके मारले आणि जादा काही घेतलं नाही.

राहिलं बीग. ते आणायला प्रभुअप्पा सिद्धप्पांना सोबत घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदारानं पुन्हा नऊ कुलपं मांडली. प्रभुअप्पांनी त्यांतलं एक उचललं, वजन बघितलं, किल्ली दोनदा फिरवली आणि म्हणाले, "ह्ये." एवढंच. सिद्धप्पांना आश्चर्य वाटलं आणि थोडी असूयाही. मग दुकानाच्या पायऱ्या उतरताना व्याह्यांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला, तो रस्त्यापर्यंत सोडला नाही. त्या हाताचं वजन बरंच होतं. हाही माणूस दमलाय, हे सिद्धप्पांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

कुलपाला तीन किल्ल्या होत्या. एक पूनमला दिली. एक सिद्धप्पांना. तिसरी प्रभुअप्पांनी सदरा वर करून आपल्या करदोड्याला बांधली.

"तुम्हांला कशाला?" निंगव्वा म्हणाली. "तिकडं गावात कुठलं बीग उघडणार?"

"असू द्या की. पोरीची हरवली, ह्यांची हरवली, तर यावं लागंल मला." ते थोडा वेळ गाठ चाचपत राहिले. "बारावी हुस्तोवर ऱ्हाऊ दे तिला हितंच. पुढचं पुढं."

पूनम स्वयंपाकघरात होती. तिच्या हातून वाटी पडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ ती बाहेर आली नाही.

सिद्धप्पा त्यांना कोपऱ्यापर्यंत रिक्षाला सोडायला गेले. एक गोष्ट दोन दिवस सांगायची राहिली होती. रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "त्या निरोपाचं... मला सांगायचं होतं. मी लिहिलं ते..."

प्रभुअप्पा रिक्षात बसले. गुडघे आत घ्यायला त्यांना वेळ लागला. पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी सिद्धप्पांकडं बघितलं.

"बीग बी आलं," ते म्हणाले, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, "आणि बीगर बी आले. तुमचं दोन्ही झालं न्हवं?"

व्याह्यांचा चेहरा गंभीर होता, पण मिशीखाली काहीतरी हललं.

"मग झालं. आणि पत्रिकेचं काय... पूनमच्या टायमाला माझं नाव तेवढं नीट बघा. आता या गावाला एकदा. शेंगा निघाल्यात." त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर बोट आपटलं. "चल रं, कोंतमचौक. सावकाश घे."

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. ओट्यावर बसतात न बसतात तोच बसवराजचा फोन आला. घेऊ की नको असं करत सिद्धप्पांनी घेतला.

"मामा, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशीच्या निरोपात तुमचे दोन 'र' राहिले होते. मी घातले बरं का. पण आता दुकानात बसून वाचतोय तर वाटतंय, तुमाला बीगच पाहिजे व्हतं का काय? माझ्याकडनं घोटाळा झाला असंल तर मी अप्पांना फोन करून सांगतो तसं..."

परसात पूनम साखळी ओवून बघत होती. कडं जमिनीवर वाजत होतं.

"राहू दे," सिद्धप्पा म्हणाले.

"काय, मामा?"

"तसंच राहू दे. चूक नाही ती."

त्यांनी फोन ठेवला. पाठ दुखत होती, खांद्यावर अजून व्याह्यांच्या हाताचा भार जाणवत होता. मग त्यांना आठवलं की प्रभुअप्पांनी जाताना तीनदा बजावलंय, सिमेंटवर चार दिवस पाणी मारा. नळाला अजून दोन दिवस होते. त्यांनी भांडी घासलेल्या पाण्याची बादली उचलली, अर्धी सांडत परसात नेली, आणि चारी कोपऱ्यांवर ओंजळीनं पाणी सोडलं.